बारा शाखा, एक पासवर्ड

नातेपुते हे माळशिरस तालुक्यातले बाजाराचे गाव. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम इथे करते, एवढी ओळख बहुतेकांना असते. वारी पुढे गेली की गाव आपल्या नेहमीच्या कामाला लागते: ऊस, दूध, आडत, दवाखाने, सोनेतारण आणि पतसंस्था. यांतल्या अनेकांच्या मागच्या खोलीत, यूपीएसच्या शेजारी, आता एक लहान डबा लुकलुकत असतो. तो फायरवॉल. आतून बाहेर आणि बाहेरून आत जाणारी प्रत्येक माहिती नियमांच्या यादीशी ताडून पाहायची, बसली तर सोडायची, नाहीतर अडवायची, एवढेच त्याचे काम. डब्याची किंमत फारशी नसते. त्यातल्या नियमांची मात्र असते, कारण डबा नियम लिहिणाऱ्याइतकाच शहाणा असतो.

समजा, इथे मुख्यालय असलेली एक पतसंस्था आहे. अकलूज, वेळापूर, फलटण, पंढरपूर धरून तिच्या बारा शाखा. संस्था कल्पित आहे, तिची अडचण नाही. बारा शाखांत बारा डबे, वेगवेगळ्या वर्षी घेतलेले, वेगवेगळ्या माणसांनी बसवलेले. एका शाखेत सीसीटीव्हीचा डीव्हीआर मोबाइलवर दिसावा म्हणून कुणीतरी बाहेरून आत येणारी वाट उघडून दिली आहे. दुसऱ्या शाखेत सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉप उघडा आहे. तिसरीकडे चाचणीपुरता ‘सगळ्यांना सगळे खुले’ असा नियम टाकला होता. चाचणी संपली, नियम राहिला. चौथ्या डब्याचा परवाना संपून वर्ष झाले, हे कुणाला माहीतच नाही, कारण डबा तर लुकलुकतो आहे.

मग डीलर येतो आणि म्हणतो, साहेब, सगळे एका पडद्यावर आणू. इथूनच बाराही शाखांचे नियम बदलायचे, इथूनच अपडेट द्यायचे, इथेच सगळ्या नोंदी बघायच्या. कोटेशनच्या चौथ्या पानावर एक ओळ असते: सेंट्रल मॅनेजमेंट, क्लाउड. संचालक मंडळाच्या सभेत बॅटऱ्यांच्या दरावर अर्धा तास घासाघीस होते आणि ही ओळ वाचलीही जात नाही.

डीलरची सूचना चुकीची नाही. बारा डबे बारा ठिकाणी बारा हातांनी चालवणे हा सगळ्यांत धोक्याचा मार्ग आहे. शाखेत संगणकाचा जाणकार नसतो. असतो तो रोखपाल, ज्याला इंटरनेट बंद पडल्यावर डबा बंद-चालू करायला शिकवलेले असते. कारभार एका ठिकाणी आणायलाच हवा. प्रश्न पुढचा आहे: ते ठिकाण कुठे असणार, कुणाच्या मालकीचे, तिथवर कोण पोचू शकणार आणि ते ठिकाण बंद पडले किंवा फोडले गेले तर काय. याला तांत्रिक भाषेत डिप्लॉयमेंट म्हणतात, म्हणून ते तंत्रज्ञाकडे ढकलले जाते. माझ्या मते हा कारभाराचा निर्णय आहे. एकत्र आणलेला अधिकार ही संस्थेतली सगळ्यांत मौल्यवान वस्तू बनते, आणि चोर शाखा शोधत नाही, केंद्र शोधतो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचा अनुभव आपल्यासमोर आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एकाही शाखेचे कुलूप तुटले नाही. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेत, म्हणजे स्विचमध्ये, घातक प्रोग्रॅम शिरवला गेला. बँकेच्या खऱ्या स्विचच्या जागी बनावट स्विच ‘मंजूर, मंजूर’ अशी उत्तरे देत राहिला. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या यंत्रांतून सुमारे ७८ कोटी काढले गेले, भारतातूनही अडीच कोटी गेले. त्यानंतर १३ तारखेला आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. ही फायरवॉलच्या केंद्राची गोष्ट नाही. पण ज्या एका जागेच्या शब्दावर बाकी सगळी यंत्रे डोळे मिटून विश्वास ठेवतात, ती जागा हाती आली की उरलेली सुरक्षा हल्लेखोराच्याच कामी येते, हे त्यातून दिसते. फायरवॉलचा मध्यवर्ती व्यवस्थापक, म्हणजे सगळे डबे जिथून चालवले जातात ती यंत्रणा, ही तशीच जागा आहे. त्याने सांगितलेला नियम शाखेतला डबा विनातक्रार पाळतो.

याचा थेट पुरावा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. फोर्टिनेट कंपनीच्या फायरवॉल आपल्याकडच्या लहान-मध्यम संस्थांत पुष्कळ दिसतात. अनेक फायरवॉल एकत्र चालवण्यासाठी तिचे फोर्टिमॅनेजर नावाचे उत्पादन आहे. २३ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने जाहीर केले की या व्यवस्थापकात एक गंभीर त्रुटी आहे. तिची तीव्रता दहापैकी ९.८ ठरवण्यात आली. शाखेतल्या डब्यांशी बोलण्यासाठी व्यवस्थापक जी सेवा चालवतो, तिथे समोरचा खरोखर कोण आहे हे तपासण्याची एक पायरीच गळलेली होती. हल्लेखोर स्वतःचे यंत्र ‘मीही तुझाच एक डबा’ म्हणून पुढे करत आणि व्यवस्थापकाला हव्या त्या आज्ञा देत. गूगलच्या मँडियंट या तपास पथकाने सांगितले की हा वापर निदान २७ जून २०२४ पासून चालू होता आणि वेगवेगळ्या उद्योगांतले पन्नासहून अधिक व्यवस्थापक त्यात सापडले. म्हणजे जाहीर होण्याआधी जवळपास चार महिने.

हल्लेखोरांनी नेले काय? पैसे नाहीत. त्यांनी त्या व्यवस्थापकाखालच्या सगळ्या फायरवॉलची रचना नेली: कुठल्या कार्यालयाचा पत्ता काय, कोणती वाट कुठे उघडी, वापरकर्ते कोण, त्यांच्या पासवर्डचे सांकेतिक रूप काय. थोडक्यात, पुढच्या चोरीचा नकाशा. त्या वेळी या नकाशाचा पुढे वापर झाल्याचा पुरावा मँडियंटला मिळाला नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. फोडल्या गेलेल्या व्यवस्थापकाच्या यादीत एक अनोळखी यंत्र ‘लोकलहोस्ट’ या नावाने दिसत होते. कुणी यादी उघडून पाहिली असती तर ते दिसले असते. पण ‘सगळे एका पडद्यावर’ आणल्यावर त्या पडद्याकडे रोज पाहणारा माणूस नेमायचा असतो, ही गोष्ट कोटेशनमध्ये नसते.

या प्रकरणातला माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा वेगळा आहे. त्रुटी तर कुठल्याही कंपनीच्या मालात निघते. ऑगस्ट २०२५ मध्ये सिस्कोच्या फायरवॉल व्यवस्थापकातही निघाली, आणि तिची तीव्रता दहापैकी दहा होती. पण फोर्टिमॅनेजरच्या बाबतीत कंपनीने सुचवलेले तात्पुरते उपाय पाहा: अनोळखी यंत्रांना नोंदणी नाकारा, आणि व्यवस्थापकाशी फक्त ठरलेल्या पत्त्यांवरूनच बोलता येईल असे करा. ज्यांनी हे पहिल्या दिवसापासून केले होते त्यांच्या दारापर्यंत हल्लेखोराला पोचणेच अवघड होते. ज्यांनी सोयीसाठी व्यवस्थापक उघड्या इंटरनेटवर ठेवला होता ते सापडले. त्रुटी कंपनीची होती. तिची किंमत कुणी मोजायची हे बऱ्याच अंशी मांडणीने ठरवले.

तेव्हा मांडणीकडे वळू. आपल्या पतसंस्थेपुढे प्रत्यक्षात चार वाटा आहेत.

पहिली वाट, मुख्यालयातच एक व्यवस्थापक बसवायचा. स्वतंत्र यंत्र घ्यायचे किंवा सर्व्हरवर आभासी यंत्र म्हणून चालवायचे. खर्च आटोक्यात राहतो, नियम आणि नोंदी आपल्या घरात राहतात. पण मुख्यालयात वीज गेली, डिस्क बसली, छत गळले, की कारभार थांबतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. व्यवस्थापक बंद पडला म्हणून शाखांच्या फायरवॉल बंद पडत नाहीत. शेवटचा मिळालेला नियमसंच घेऊन त्या काम करत राहतात. पालखी मार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली आणि वेळापूरची शाखा मुख्यालयापासून तुटली, तरी तिथला डबा आपले काम करतो. थांबतो तो बदल. साधारण दिवसात हे चालून जाते. हल्ला चालू असताना, एखादा पत्ता ताबडतोब बाराही ठिकाणी अडवायचा असताना, चालत नाही.

दुसरी वाट, दोन व्यवस्थापक, दोन ठिकाणी. एक नातेपुत्यात, दुसरा समजा अकलूजच्या शाखेत. पहिला पडला की दुसरा उभा राहतो. बरे आहे, पण संस्था ही जोडी एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर, एकाच रॅकमध्ये ठेवतात आणि त्याला उपलब्धतेची हमी म्हणतात. शिवाय जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. पहिल्यावर केलेली चूक किंवा घातलेला घातक नियम दुसऱ्यावर इमानेइतबारे उतरतो. वेगळी, जोडणी काढून ठेवलेली प्रत लागतेच.

तिसरी वाट, फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडवर व्यवस्थापक. मुख्यालयात काही बसवायचे नाही, अपडेटची कटकट कंपनीची, अध्यक्षांनाही मोबाइलवर दिसते. जाणकार माणूस नसलेल्या संस्थेला ही वाट मोहात पाडते, आणि सरसकट नावे ठेवण्यासारखी ती नाहीही. कंपनीची माणसे आपल्या एकट्या इंजिनिअरपेक्षा जास्त जागी असतात. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सोनिकवॉल या फायरवॉल कंपनीचे काय झाले ते वाचून मग सही करावी. ग्राहकांच्या फायरवॉलच्या रचनेच्या प्रती कंपनी आपल्या क्लाउडवर जपून ठेवत असे. तिथे अनोळखी लोक शिरले. आधी कंपनीने सांगितले की पाच टक्क्यांहून कमी फायरवॉलच्या प्रती पाहिल्या गेल्या. मग ८ ऑक्टोबरला तपास पूर्ण झाल्यावर कबूल केले की ही सेवा वापरणाऱ्या सगळ्याच ग्राहकांच्या प्रती गेल्या. पाच टक्क्यांपासून सगळ्यांपर्यंतच्या त्या तीन आठवड्यांत ‘आपण त्या पाच टक्क्यांत नाही’ म्हणून किती संस्था स्वस्थ बसल्या असतील, याचा विचार करावा. त्या प्रतींमधले पासवर्ड सांकेतिक केलेले होते. तरीही कंपनीने ग्राहकांना ते बदलायला सांगितले, आणि एकेका डब्यातले पासवर्ड, व्हीपीएनच्या किल्ल्या, इतर यंत्रांशी जोडणाऱ्या खुणा बदलणे हे बारा शाखांसाठी दुपारचे काम नव्हे.

चौथी वाट कोटेशनमध्ये वाट म्हणून लिहिलेलीच नसते. डीलर किंवा सेवा देणारी फर्म तिच्या स्वतःच्या व्यवस्थापकावर आपली बारा यंत्रे जोडून घेते. त्याच पडद्यावर तिचे इतर तीस-चाळीस गिऱ्हाईक असतात: एखादा दवाखाना, दुसरी पतसंस्था, एखादी डेअरी. चांगल्या फर्मकडे प्रत्येकाचा कप्पा वेगळा असतो आणि कामाच्या नोंदी असतात. साधारण फर्मकडे एक लॅपटॉप असतो आणि एक पासवर्ड, जो तीन इंजिनिअरना माहीत असतो आणि नोकरी सोडून गेलेल्या चौथ्यालाही. खेड्यापाड्यांतल्या संस्थांसाठी हीच वाट सगळ्यांत प्रचलित आहे, कारण ती फुकट वाटते. वार्षिक देखभालीत (एएमसी) धरलेली असते.

या वाटेचा धोका ३१ जुलै २०२४ ला देशाने पाहिला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी. सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती बँकिंगची तंत्रसेवा पुरवते. तिच्यावर खंडणीच्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले. परिणामी सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि इतर व्यवहार एकाच वेळी थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. या बँकांपैकी एकीनेही स्वतः चूक केलेली नव्हती. त्यांचा दोष एवढाच की त्या सगळ्या एकाच खुंटीला बांधलेल्या होत्या, आणि वेगळी खुंटी परवडण्याची त्यांची ऐपत नव्हती. याला बेपर्वाई म्हणता येणार नाही. लहान संस्थेची ती अपरिहार्यता आहे. पण अपरिहार्य गोष्टीचीही अट घालता येते, करार लिहिता येतो. आपल्याकडे सेवा घेताना करार म्हणजे कोटेशनवरची सही.

एक साधा प्रश्न आहे, ज्याने मी म्हणतो ते कुणालाही पडताळता येईल. आपल्या फायरवॉलचे कंपनीकडे जे खाते आहे ते कुणाच्या ई-मेलवर नोंदलेले आहे? संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ई-मेलवर, की डीलरच्या जीमेलवर? डीलरच्या ई-मेलवर असेल तर कागदोपत्री डबा तुमचा आणि प्रत्यक्षात ताबा त्याचा. वाद झाला, डीलरने धंदा बंद केला, किंवा त्याचे जीमेल कुणी फोडले, तर बाराही शाखांची दारे ज्या खात्यातून उघडतात ते खाते तुम्हाला मागून घ्यावे लागेल.

सोनेतारणाची तिजोरी आठवा. ती दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोघांची सही, वेळेची नोंद, किल्ली बदलली की पंचनामा. सहकारातल्या कुठल्याही संचालकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण सोने डोळ्यांना दिसते. त्याच संस्थेत सगळ्या खात्यांपर्यंत नेणारे दार एका पासवर्डवर उघडते आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. अनेक व्यवस्थापक सॉफ्टवेअरमध्ये सोय असते की एकाने बदल लिहायचा आणि दुसऱ्याने मंजूर केल्यावरच तो शाखांत उतरायचा. ती सोय चालू करायला सहसा जास्तीचा पैसा लागत नाही. लागतो तो दुसरा माणूस आणि बदलासाठी थांबण्याची तयारी.

थांबण्याची तयारी महत्त्वाची, कारण केंद्राचा दुसरा धोका चोराचा नसून आपल्याच हाताचा आहे. चूक एका डब्यावर झाली तर एक शाखा बंद पडते. केंद्रावर झाली तर सगळ्या. ऑस्ट्रेलियात १८ सप्टेंबर २०२५ ला ऑप्टस या दूरसंचार कंपनीने मध्यरात्रीनंतर एका फायरवॉलचे अद्ययावतीकरण केले. नेहमीचे कॉल चालू राहिले, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण आणीबाणीचे ट्रिपल झीरोचे कॉल अनेक तास जात नव्हते, आणि काही मृत्यूंचा संबंध या बिघाडाशी जोडला गेला. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केले. चोर नाही, व्हायरस नाही, नेहमीचे देखभालीचे काम होते. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तास जगभर बंद राहिले तेही एका देखभालीच्या आज्ञेमुळे. दुरुस्तीची साधने त्याच जाळ्यावर अवलंबून होती, त्यामुळे इंजिनिअरना आपल्याच यंत्रांपर्यंत पोचायला वेळ लागला.

आपल्या पतसंस्थेच्या मापात याचा अर्थ असा. बदल आधी एका शाखेवर उतरवायचा, तोही व्यवहार बंद झाल्यावर; दोन दिवस पाहायचे, मग बाकीच्या शाखांवर. बदल उतरल्यावर फायरवॉलचा व्यवस्थापकाशी संपर्क तुटला तर ती आपणहून जुन्या नियमांवर परत येईल, अशी सोय बऱ्याच उत्पादनांत आहे. ती चालू आहे का ते विचारायचे. आषाढीच्या काळात, पालखी या पट्ट्यात असताना, एटीएमवर रांगा असताना, महिनाअखेरीला आणि मार्चअखेरीला कुठलाही बदल नाही, असे लेखी ठरवायचे. आणि मुख्यालयाशी नेहमीची लाइन तुटली तरी शाखेच्या डब्यापर्यंत पोचण्याची दुसरी वाट, निदान वेगळ्या कंपनीच्या सिमवर, ठेवायची. शाखेतल्या डब्याचा स्थानिक पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत असावा. केंद्र आल्यावर हा पासवर्ड पुष्कळदा विस्मरणात जातो आणि गरज पडते त्या रात्रीच आठवतो.

नोंदींबद्दल थोडेसे, कारण यात कायदा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. शाखेत बसवल्या जाणाऱ्या अनेक लहान फायरवॉलमध्ये डिस्कच नसते. डबा बंद-चालू केला की नोंदी पुसल्या जातात. रोखपालाला आपण नेमके तेच शिकवले आहे. म्हणून नोंदी साठवणारे यंत्र व्यवस्थापकापासून वेगळे असावे. एकाच यंत्रात दोन्ही ठेवले तर व्यवस्थापक फोडणारा आपल्या पाऊलखुणाही तिथल्या तिथे पुसून जातो.

आता ही जबाबदारी कुणाची? नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, किमान सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीप्रमाणे चार पातळ्यांची चौकट आणली. त्यात संचालक मंडळाला अंग काढून घेता येत नाही. पतसंस्थांचे तसे नाही. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या. रिझर्व्ह बँकेची ही चौकट त्यांना लागू नाही. सहकार खात्याचे लेखापरीक्षण येते तेव्हा थकबाकी, तरतुदी, सोन्याचे मूल्यांकन तपासले जाते. फायरवॉलचा व्यवस्थापक कुठे आहे, हे विचारण्याची रीत तिथे रुळलेली नाही. बारा शाखांची बँक आणि बारा शाखांची पतसंस्था यांचा चोराच्या दृष्टीने काहीही फरक नसतो. नियमाच्या दृष्टीने मात्र एकीला चौकट आहे आणि दुसरीला डीलर आहे.

कुणी म्हणेल, नातेपुत्यातल्या पतसंस्थेकडे कोण हॅकर बघतो? नाव पाहून कुणी बघत नाही, हे खरे. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता यंत्रे आपोआप चाळत असतात. उघडे दार सापडले की मग आत कोण राहते ते पाहिले जाते. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हा अंतर्गत जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते, असे सरकारनेच संसदेत सांगितले. देशातल्या सगळ्यांत नावाजलेल्या रुग्णालयाची ही स्थिती, तर लहान गावातल्या संस्थेने आपल्या लहानपणावर भरवसा ठेवू नये.

माझा निवाडा असा. एक-दोन कार्यालये असलेल्या संस्थेने मध्यवर्ती व्यवस्थापक विकतच घेऊ नये; नियम कागदावर लिहून ठेवावेत आणि डब्याचे व्यवस्थापन बाहेरून बंद करावे. पाच ते वीस शाखांच्या संस्थेने व्यवस्थापक स्वतःच्या मुख्यालयात, स्वतःच्या मालकीचा ठेवावा, आणि तो इंटरनेटवरून अजिबात दिसू नये. बाहेरून काम करायचे असेल तर व्हीपीएन आणि दुहेरी ओळख. त्याहून मोठी असेल तर जोडी, पण खरोखर दोन गावांत. जाणकार माणूस ठेवणे शक्यच नसेल तर कंपनीचा क्लाउड घ्यावा: खाते संस्थेच्या नावावर, दुहेरी ओळख सक्तीची, आणि रचनेची एक प्रत दर महिन्याला स्वतःकडे. डीलरच्या सामाईक पडद्यावर जोडले जाणे हा यांतला शेवटचा पर्याय आहे. आज नेमके तिथूनच सुरुवात केली जाते. तीन-चार शेजारच्या पतसंस्थांनी मिळून एक जाणकार माणूस नेमावा, हा मला या सगळ्यांपेक्षा शहाणपणाचा मार्ग वाटतो. कर्जवसुलीसाठी संस्था एकत्र येतात, यासाठी का नाही, हे मला कळत नाही.

संचालकांना माझी विनंती एवढीच. येत्या मासिक सभेत एक विषय घ्या आणि इतिवृत्तात चार उत्तरे लिहून घ्या: आपल्या फायरवॉलचा व्यवस्थापक कुठे आहे, त्याचे खाते कुणाच्या नावावर आहे, तो पासवर्ड आज किती माणसांना माहीत आहे, आणि जपून ठेवलेल्या प्रतीवरून एखादी शाखा पुन्हा उभी करून पाहिल्याची शेवटची तारीख कोणती. चौथ्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर डीलरच्या पुढच्या बिलावर सही करण्याआधी ती मिळवा.